आवाज तुटतो तिथं

६ जानेवारी, सोमवार
इलेक्ट्रिक गाडी हळू चालली की ऐकूच येत नाही, म्हणून तिला आवाज द्यायचं काम माझ्याकडे. आज चाकणच्या ट्रॅकवर पहिली चाचणी. ऐकायला बुद्धरत्न आलेला — बँकेत नोकरीला, जन्मापासून अंध. गाडी थांबलीय असं वाटलं की पाऊल टाकायचं, एवढंच त्याला सांगितलेलं.
गाडी चालू होती आणि त्यानं पाऊल टाकलं! शेजारी उभे असलेल्या माझ्या साहेबांनी, दिग्विजय सरांनी, दंड धरून मागे ओढलं.
तो शांतपणे म्हणाला, "आवाज मध्येच तुटतो, मॅडम. मला वाटलं, थांबली."
मला कधी जाणवलंच नव्हतं.

७ जानेवारी
सापडलं! आवाजाचा छोटा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजतो. त्याची एमपीथ्री केली की दोन्ही टोकांना थोडीशी शांतता चिकटते. दर फेरीला तीच खाच. एमपीथ्री काढली, साधी वेव्ह फाइल घातली.

८ जानेवारी
खाच गेली, आता टक्‌ आलं. शेवट आणि सुरुवात जुळत नाहीत. बुद्धरत्नला फोनवर ऐकवलं. "आता गाडी लंगडतेय," म्हणाला. खूप हसलो. मग कामाचं सोडून बरंच काही बोललो.

१० जानेवारी
शेवटाची शेपटी सुरुवातीवर चढवली — शेवट विरत जातो, त्याच्याखालून सुरुवात वर येते. जोड सापडत नाही! मीच केलेला, आणि मलाच सापडत नाही! बसमध्ये तेच ऐकत बसले. उतरायचा डांगे चौक मागं गेला तरी पत्ता नाही.

१३ जानेवारी
ट्रॅक. गाडी आली, जवळून गेली. तो हलला नाही. खरंच थांबली तेव्हाच पाऊल टाकलं. प्रत्येक वेळी! सरांनी टाळ्या वाजवल्या. मी लांब उभी.
"गाडी कळली," तो म्हणाला. "स्वरूपा मॅडम कुठं आहेत ते कळेना. बोलत का नाहीत?"
बोलते कसली, रडतच होते.
निघताना हळूच म्हणाला, "चाचणी संपली. आता फोनला कारण काय काढायचं?"
"कारण कशाला लागतंय?" — हे मी म्हणाले. मी!

१९ जानेवारी, रविवार
आईला बुद्धरत्नबद्दल सांगितलं. डोळ्यांचं ती काही बोलली नाही. आधी आडनाव विचारलं.
"तोच सांगेल," म्हटलं. "पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय."