आधी टोपडं, मग नावं

चंदीगड, २ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहिते. विद्यापीठात एम.ए.च्या मुलांना वेबसाइट बनवायला शिकवायचा कोर्स मी आखला. पहिला आठवडा इंटरनेटचा इतिहास, दुसरा व्याख्या, तिसरा नियम. तिसापैकी अकरा मुलं उरली. जवळच्या खरड गावाहून येणाऱ्या गुरलीनने अदबीने विचारलं की मॅडमजी, साइट याच जन्मात बनेल ना. दिवाळीपर्यंत वर्ग भरला नाही, तर कोर्स बंद, असं विभागप्रमुख म्हणतात. तू तीस वर्षं शिवण शिकवलंस. तुझ्या वर्गात मुली कशा टिकायच्या?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी विनया

कराड, ११ सप्टेंबर

चि. विनयास,
अनेक आशीर्वाद.

कुठल्या टिकायला? पहिल्या वर्षी नऊजणी पळाल्या. मी महिनाभर मशीनच्या भागांची नावं पाठ करून घेत होते. मग एकीने मला न विचारता भाच्यासाठी वाकडंतिकडं टोपडं शिवलं आणि सगळ्याच टोपडं मागू लागल्या. तेव्हापासून पहिल्या तासाला टोपडं, नावं नंतर. खरं सांगते, मलाच तेव्हा शिवण धड येत नव्हतं, म्हणून नावांचा आडोसा. तुझंही तसं असेल तर मुलांना सांगून टाक.

पत्रासोबत आलेल्या तुझ्या वर्गाच्या नोट्स वाचल्या. ‘फाइल सेव्ह करा’ म्हणतेस. कुठे, ते लिहीत नाहीस. पाहुण्याला हात धुवा म्हणायचं आणि मोरी दाखवायची नाही, असं झालं.

जेवत जा. आईवर लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
शशिकला

चंदीगड, १८ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. एकटीने अख्खी साइट मी कधीच बनवलेली नाही, असं. मग गुरलीन खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, चलो जी, मिळून करू. आता पहिल्याच तासाला प्रत्येकाने घरच्या माणसासाठी एक पान बनवायचं.

गुरलीनने ढोल दुरुस्त करणाऱ्या वडिलांचं पान केलं, पण नमुन्यातला माझा फोन नंबर बदलायला विसरली. आठवडाभर मी पंजाबीत ढोलांच्या तक्रारी टिपून घेतल्या, मग तिने नंबर बदलला.

वर्गात सत्तावीस मुलं आहेत आणि कोर्स पुढच्या वर्षीही चालणार. काल गुरलीनचे वडील पिन्नीचा, म्हणजे इथल्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन आले. मला वाटलं, आभार मानायला. त्यांनी हात जोडून विनंती केली की लग्नसराईत एवढी कामं झेपत नाहीत, तेव्हा साइट थोडे दिवस बंद कशी ठेवायची, तेही मुलीला शिकवा.

तो धडा माझ्याकडे नाही. आज दुपारी गुरलीनबरोबर बसून शोधणार आहे.

पिन्नी पाठवते, बदल्यात असाच लोभ.
विनया