चौदा चिठ्ठ्या, एक कडी

२ डिसें., मंगळ.
कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर लाल पेटी लागली. 'मनातलं बोला, नाव लिहू नका.' नवे एच.आर. साहेब पुण्याहून लोहाऱ्यात आल्यापासून आम्ही कामगार नाही, परिवार आहोत. असा परिवार, की ज्यात नाव सांगायची चोरी.

४ डिसें.
अख्ख्या कारखान्याचे रजेचे अर्ज मीच लिहितो. स्टोअरकीपर, त्यात अक्षर बरं. आज जेवणाच्या सुटीत कापूस निवडणाऱ्या बाया आल्या. शेवंताबाई म्हणे, "भाऊ, आमच्या संडासाच्या दाराले कडी नाही. एक आत जाते, एक बाहेरून दार धरून राह्यते. लिहा." लिहिलं. मग म्हणे, प्रत्येकीची वेगळी लिहा, जोर येते. चौदा लिहिल्या.

९ डिसें.
पेटी उघडली. साहेबांनी चौदा चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या, शेजारी माझं स्टॉक रजिस्टर. अक्षर एकच. साहेबांच्या लेखी चौदा जणींची अडचण गेली, एका माणसाचं असमाधान उरलं. वर विचारतात, "बायकांच्या संडासात तुम्हाला एवढा रस का?"
पन्नाशीत हे ऐकायचं होतं.
मेमो मिळाला. सात दिवसांत लेखी खुलासा, नाहीतर घरी. बायांचीच तक्रार असेल तर त्यांची नावं द्या म्हणे. बाया मुकादमानं रोजावर आणलेल्या, नाव गेलं की दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत. साहेबांना हे माहीत नाही असं नाही.

१२ डिसें.
अभिप्रायावर कारवाई झाली! केक. फुगे. 'तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं' असा बॅनर. रुईच्या धुळीत सेल्फी पॉइंट. पेटीला नवं कुलूप. दार तसंच.

१५ डिसें.
खुलासा लिहिला. चिठ्ठ्या मी लिहिल्या, तक्रार खरी आहे, नावं देणार नाही. दोन ओळी, खाली सही.
शेवंताबाईनं मेमोचं कुठून ऐकलं कोण जाणे. कागद मागितला, बोट ठेवून ठेवून वाचला, पेन मागितलं. माझ्या सहीखाली स्वतःचं नाव काढलं. चौथीतलं अक्षर, पार तिरपं.
म्हटलं, बाई, उद्या मुकादम परत पाठवन.
"मंग दार कोण धरन, ते तुमच्या साहेबाले इचारा."

१६ डिसें., मंगळ.
मुदत आज. कागद ड्रॉवरात. दुसरा कोरा घेऊन त्याच दोन ओळी उतरवायच्या, तिचं नाव गाळायचं. पाच मिनिटांचं काम. कोरा कागद काढून ठेवलाय.
साहेब अकराला येतात. पावणेअकरा झाले. खिडकीतून ती दिसते आहे, दार धरून उभी.