उतू गेलेली कॉफी

शुक्रान नर्सताई, सलाम.

गेल्या वर्षी दवाखान्यात तुम्ही मला बजावलं होतंत, "नवरा वेळेवर बाजूला होतो म्हणून बेफिकीर राहू नकोस गं. अशा दहा घरांतल्या दोन घरी वर्षाच्या आत पाळणा हलतो. तांबी बसवून घे." मी नाक मुरडलं. आमच्या नियाझींचं कॉफीचं दुकान; ते छाती ठोकून सांगायचे, "फेस वर आला की भांडं खाली! माझी कॉफी कधी उतू गेलीय?"

तर ताई, गेली. मला चौथा महिना लागलाय.

थोरलीचं नाव सासूबाईंनी सोनगुल ठेवलं, म्हणजे शेवटचं फूल. तरी दुसरी आली. तिचं येतेर, म्हणजे पुरे. काल बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "आता याहून कडक नाव शोधायला हवं."

हे पोट धरून हसले. "आई, नावाला घाबरून कोणी यायचं थांबत नाही. माझ्याच्यानंही थांबवलं गेलं नाही!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाळंतपण झालं की ती तांबी बसवून घे बाई."

खरं सांगू? मला हे बाळ हवंय. या वेळी नाव मी ठेवणार: सेविन्च, म्हणजे आनंद.

हे पत्र मी टाकणार नाही. "सांगितलं नव्हतं का मी!" हे मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. सोमवारी तुमची फेरी आमच्या गावात आहेच, तेव्हा तुम्हाला घरी बोलावून सगळं सांगेन. कॉफी मी करीन. यांच्या हातात भांडं देणार नाही.

तुमचं न ऐकणारी,
एल्मास