दुखवट्यातल्या खिडक्या

प्रिय अर्गिरी,

फोन करायला हवा होता, माहीत आहे. पण फोनवर तू लहानपणापासून फार सफाईने खोटं बोलतोस, आणि कागदावर खोटं लिहायचा तुला कंटाळा येतो. शिवाय माझ्या डोक्यात इतका गोंधळ आहे की मी बोलायला लागले असते तर दोन मिनिटांत तुझी ट्राम आली असती. श्टुटगार्टची ट्राम नेमकी माझं वाक्य अर्धं असतानाच येते, हे माझ्या लक्षात आलंय.

तर बाबा खिडक्या रंगवतायत. आई जाऊन साडेपाच महिने झाले, वर्ष सरायला अजून निम्मा काळ आहे. वर्षाच्या आत दुखवट्याच्या घराला कुणी कुंचा लावत नाही, हे आपल्या गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. ईस्टरआधी सगळी गल्ली पांढरी होते आणि एक घर मळकट राहतं, की येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं इथे माणूस गेलंय. यंदा ते घर आपलं. मी ईस्टरची अंडी रंगवणार नाही, गोड पाव भाजणार नाही. शेजारणी आणून देतील आणि मी मान खाली घालून घेईन. सगळं रीतसर चाललं होतं. आणि गेल्या सोमवारी बाबा तारेचा ब्रश घेऊन बाहेर गेले.

खिडक्यांखालच्या काँक्रीटच्या त्या बाहेरच्या पट्ट्या आठवतात ना? सात आहेत. आई दर वसंतात त्यांना चुना फासायची, जुन्यावर नवा; बाबा जन्मभर ओरडायचे, "अगं, काँक्रीट आहे, चर्च नाही." तिच्यासमोर कधी हात लावला नाही. आता ती चाळीस वर्षांची पुटं एकेक करून खरवडतायत. पोपडे पडतात, मी झाडते, पुन्हा पडतात. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काँक्रीट फुटून लोखंडी सळई उघडी पडली होती. तिचा गंज घासला, पुन्हा गंजू नये म्हणून तांबडा रंग दिला, सिमेंट कालवून भेगा बुजवल्या, पाण्यानं धुतलं आणि दोन दिवस हात लावला नाही. मी म्हटलं, लावा की आता रंग. म्हणाले, "ओल आत असताना रंगवलं की फोड येतात. माणसांचंही तसंच असतं, पण तू ऐकणार नाहीस." पट्टीच्या खालच्या अंगाला पावसाचं पाणी भिंतीकडे न जाता खाली ठिबकावं म्हणून एक खाच असते. आईच्या चुन्यानं ती कधीच बुजली होती. बाबांनी कधी गुडघ्यावर बसून, कधी शिडीवर चढून खिळ्यानं सातही खाचा मोकळ्या केल्या. एकोणऐंशी वर्षांचा माणूस.

समोरची स्मारो झाडू टेकून उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला हळूच म्हणाली, "फोतिनी, बाई आणणार आहेत का गं? नाही, आणू देत, पण वर्ष तरी सरू दे." मी म्हटलं, तुमचं नाव सुचवू का. दोन दिवस बोलली नाही. पण शंकेचा किडा घुसलाच. लग्न नाही, तर घर विकणार? मग पट्ट्याच का, छत गळतंय ते का नाही? काही समजेना.

मग रंगाच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा म्हणाला, "तुझे वडील काल आले होते, डबा नेला. परवाही आले होते, अगदी तसाच डबा नेला." मी रस्ताभर हाच विचार करत आले: सात पट्ट्या, रंगाचे दोन हात, तर डबा एक लागतो की दोन? बाबांना विचारायची हिंमत झाली नाही. खाच आठवणारा माणूस कालचा डबा विसरेल का? आणि मंगळवारी त्यांनी मला दोनदा विचारलं, आज वार कुठला. पण मंगळवारी मलाही माहीत नव्हतं.

शेवटी काल शिडी धरून उभी होते तेव्हा विचारलंच: बाबा, लोक काय म्हणतील, हे सगळं कशासाठी? त्यांनी वर बघत, कुंचा न थांबवता सांगितलं, "अर्गिरी येतोय ना ईस्टरला. त्याचा फोन आला होता, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. नऊ वर्षांनी येतोय पोरगा, त्याला काय हे पोपडे दाखवू?" इतक्या सहज, की मी हो म्हटलं.

नऊ वर्षांपूर्वी भर जेवणात ते तुला म्हणाले की पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. आयुष्यात एवढं एकच तू त्यांचं ऐकलंस. आईला माती द्यायला आलास, दफनभूमीच्या फाटकाशीच उभा राहिलास आणि संध्याकाळच्या विमानानं परत गेलास. त्यांनी तुला पाहिलं होतं, मी शेजारीच होते. त्याबद्दल मला कधी बोलले नाहीत.

मी शहरातल्या डॉक्टरांकडून त्यांच्या स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र, तेही कुरिअरनं, आणि त्यात एकच प्रश्न: तू फोन केला होतास का? केला असशील तर बाबांचं डोकं शाबूत आहे, आणि मला न सांगितल्याबद्दल तुला मी ईस्टरला बघून घेईन. केला नसशील, तर रविवारी बारा वाजता कर. मी मुद्दाम स्मारोकडे कॉफीला जाऊन बसेन. सांग की येतोय, आणि ये. मग म्हातारा भ्रमलेला ठरणार नाही, चार दिवस आधी बोलून गेला एवढंच होईल. आणि त्याआधीचा फोन खरंच झाला होता की रविवारचाच पहिला, ते मला कधीही सांगू नकोस.

तुझीच,
फोतिनी