गिलाव्याखालची भिंत

बारामती
दि. ७ जानेवारी १९९५

ती. साखरआत्यास,
स्वप्नालीचा सा. न. वि. वि.

इंदापूरच्या मेंढपाळ सोसायटीच्या कचेरीची दुरुस्ती शेवटच्या टप्प्यात आहे. छज्ज्यातल्या गंजलेल्या सळया साफ केल्या. फुटलेल्या काँक्रीटसाठी सात मिश्रणं करून पाहिली; चौथ्याचा रंग जुन्या भिंतीशी जुळला. त्रेसष्ट साली ओतलेल्या त्या भिंतीवर साच्याच्या फळ्यांच्या रेषा अजून स्पष्ट आहेत. मूळ नकाशावरच लिहिलं आहे, गिलावा करू नये. त्या काँक्रीटची घमेली तू डोक्यावरून वाहिलीस, म्हणून हे तुला मुद्दाम कळवते.

चेअरमन तात्याबांना गिलावा आणि रंग हवा आहे. संचालक मंडळात तू आहेस. ठराव आला तर विरोध करशील ना, एवढं कळव. माझं हे पहिलंच स्वतंत्र काम आहे.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
स्वप्नाली

इंदापूर
दि. १६ जानेवारी १९९५

चि. स्वप्नालीस आत्याचा आशीर्वाद.

साक्षरतेच्या वर्गात शिकले, आता माझं मीच लिवते. हासू नको. तात्याबाला गप केलंय. म्हनलं, भाची इंजिनेर हाय माझी, तुझ्यावानी सातवी नापास न्हाय. गिलाव्याचं मनात आणू नको. मी हाय हितं. दोन शनवार येऊ नको, तू शिकवतीस त्या कॉलेजात परीक्षा हायेत न्हवं? तिळाचे लाडू एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलेत. आन लग्नाचं इचारलं की सिमेंटचं बोलतीस, ते बंद कर.

मया असू दे.

आत्या

बारामती
दि. २ फेब्रुवारी १९९५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल न कळवता इंदापूरला आले. भिंतीवर गिलावा झाला आहे, वर पिस्ता रंग. इतिवृत्ताची वही पाहिली. ठराव क्रमांक सहा, सूचक तात्याबा, अनुमोदक साखरबाई. सही तुमचीच आहे. तारीख १२ जानेवारी. तुमचं पत्र सोळाचं. तुम्ही मला येऊ नको म्हणालात, तेव्हा गिलाव्यासाठी परांची बांधून झाली होती, असं सोपान गवंडी म्हणाले.

लाडू मी मैत्रिणींना कौतुकाने वाटले होते.

कारण कळवावं.

स्वप्नाली

इंदापूर
दि. ९ फेब्रुवारी १९९५

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

तुमी तुमी लिवलंस, ते लागलं. सही माझीच हाय. तीस वरसं त्या भिंतीपायी ऐकून घेतलंय. बाजाराला गेलं की बाया म्हनायच्या, मेंढरंवाल्यांनी हापिस बांधलं खरं, पर गिलाव्यापत्तुर दम टिकला न्हाय. नकाशात तसंच हाय हे आमास्नी तवा कुनी सांगितलं? तुला तितं रेघा दिसत्यात, मला त्या बायांचं हसू ऐकू येतं. भिंतीचं तू मला समदं इचारलंस. ती मला कशी वाटती, हे न्हाय इचारलंस.

तोंडावर बोलले असते तर तू कागद काढून पटवलं असतंस, आन मी व्हय म्हनले असते. म्हनून खोटं लिवलं. राग सोड, येऊन जा.

आत्या

बारामती
दि. १५ फेब्रुवारी १९९५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बायांचं बोलणं मला माहीत नव्हतं. ते विचारायला हवं होतं. ती माझी चूक. पण ठराव होऊन चार दिवस झाल्यावर तुम्ही मला 'मी हाय हितं' असं लिहिलंत. त्या भरवशावर मी तात्याबांना फोन करून ठणकावून सांगितलं, की आत्याचं मत माझ्याकडे आहे. ते नुसते हसले. का हसले, ते मला वहीतून कळलं.

छज्ज्याचं काम नीट झालं आहे. काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर तेवढ्यापुरती सही देईन. इमारत मूळ रूपात राखली, या वाक्याखाली देणार नाही. गिलाव्याआड पाणी साठलं तर सळया पुन्हा गंजतील, म्हणून दर पावसाळ्याआधी भिंत ठोकून पाहायला येत जाईन. मुक्काम तुमच्याकडे करणार नाही. पाचच्या एस.टी.ने परत निघेन.

प्रकृतीला जपावं.

स्वप्नाली