उंबऱ्यावरचं पीठ

थोरलीच्या आईस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. इंग्रजीचा वर्ग बरा चाललाय आणि दुपारनंतर हॉटेलात भांडी घासायचं कामही मिळालंय. तुझा खोकला गेला का? खरं सांग.

गुरुवारी सकाळी देवाला नमस्कार करून निघताना मी खोलीच्या उंबऱ्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं. हसू नकोस. रोज रात्री परतलो की गादी गरम लागायची, म्हणून मनात संशय होता. त्या रात्री पिठात बुटाचा ठसा दिसला. घरमालक म्हणाला, "काका, या वयात भास होतात!"

शुक्रवारी वर्ग बुडवून मध्येच घरी आलो, तर माझ्या अंथरुणात माझ्याच वयाचा माणूस घोरत होता. रात्रपाळीचा पहारेकरी. हलवून उठवला, तर तोच ओरडला, "चोर! चोर!" मग उलगडा झाला. एकाच गादीचं भाडं मालक दोघांकडून घेत होता.

या पहारेकऱ्यावरही माझा अजून पुरता विश्वास नाही. पण एकट्याला इथलं भाडं झेपणार नाही, आणि शिक्षण सोडून मला परत यायचं नाही. म्हणून आज मालकाच्या हातात किल्ली ठेवली आणि आम्ही दोघांनी मिळून दुसरी खोली घेतली. गाद्या मात्र दोन.

तुझ्या लेकरांचे बाबा