टायटॅनियमवरचा लाल

३ मार्च, सकाळी ७
एकवीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं. बायकोला मी रंगवलेली तीनरंगी टायटॅनियमची अंगठी देणार: कडांना सोनेरी आणि निळा, मधोमध तिचा आवडता लाल. रंग लावायचा नसतोच. सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडायची. जितके व्होल्ट, तसा रंग. पोरखेळ आहे. तिला आधीच सांगून टाकलं.

६ मार्च
नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या. अंगठी निळी झाली! बोटाचा ठसा उमटलाय, पण हाताने केलेल्या कामाची तीच तर खूण. दुसऱ्या वायरला स्टीलचा कालथा लावला होता. बायको तासभर कालथा शोधत होती. मीही शोधू लागलो.

१० मार्च
एका कडेला सोनेरी करायला सहा बॅटऱ्या लावल्या. सगळीच सोनेरी झाली. मुलगी म्हणाली, बाबा, आधी जास्त व्होल्ट, मग कमी. जिथे रंग नको तिथे नेलपॉलिशने झाका. मला ठाऊक होतंच. धातूची परीक्षा घेत होतो.

१४ मार्च
मेहुणा वायरमन आहे. म्हणतो, दाजी, टायटॅनियमवर बाकी रंग येतील, लाल येत नाही. जळतो माझ्यावर.

१९ मार्च
अकरा बॅटऱ्या. गुलाबी आला, जांभळा आला, हिरवाही आला. लाल मध्येच कुठेतरी दबा धरून बसलाय.

२० मार्च
अंगठी घासून कोरी केली. बायकोच्या नेलपॉलिशने मधला पट्टा आणि एक कड झाकली. सहा बॅटऱ्या, दुसरी कड सोनेरी. झाकलेली कड पुसून तीन बॅटऱ्या, ती निळी. झकास! मधला पट्टा पुसायला गेलो तर रिमूव्हर संपलेलं. उद्या दुकान उघडताच आणतो.

२१ मार्च
उठायला उशीर झाला. अंगठी बायकोच्या बोटात. लाल पट्ट्याकडे बघत म्हणाली, जमला की हो! खरं सांगणार होतो, पण तिचा चेहरा इतका खुलला होता! मेहुण्याला लगेच फोन करून कळवलं, लाल आला.

२८ मार्च
भांडी घासताना लाल पट्ट्याचा टवका उडाला. मी धातूच्या दर्जाबद्दल बोलायला लागलो. बायकोने नेलपॉलिशची बाटली आणली, पट्ट्यावरून सफाईने हात फिरवला, फुंकर घातली. म्हणाली, पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं. मला फार लाज वाटली, आणि बरंही वाटलं. अंगठी सुकल्यावर तिने परत बोटात घातली आणि म्हणाली, आता माझा कालथा द्या.